ग्रुपवर आलेलं 12 टक्क्यांचं डिबेंचर, सासऱ्यांनी घ्यावं का?

रामबागची सून:
नमस्कार, आम्ही इंदूरचे. सासऱ्यांची एफडी मॅच्युअर झाली, बँकेतले नवीन रेट ऐकून ते एकदम नाराज होऊन घरी आले, आणि त्याच आठवड्यात कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीथमपूरच्या एका छोट्या कंपनीचं डिबेंचर आलं (म्हणजे आपण कंपनीला व्याजाने दिलेलं कर्जच), 12 टक्के, कमीत कमी 2 लाख. एजंट म्हणतो रिझर्व्ह बँकेने रेपो उतरवला, आता एफडीत काही ठेवलं नाही, आणि हे प्रायव्हेट प्लेसमेंट आहे म्हणून सेबी, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, वगैरे लागत नाही, अर्धे कॅश दिले तरी चालेल. बाबांनी चेक लिहून ठेवलाय. फार टेन्शन आलंय, कोणाला कळत असेल तर सांगा ना.

सीएस जोशी:
ताई, चेक आधी काढून घ्या. प्रायव्हेट प्लेसमेंट खरंच असतं, कंपनी कायद्याचं कलम 42, पण त्यात कंपनीने आधी ठरवलेल्या माणसांनाच नावानिशी ऑफर लेटर द्यायचं असतं, फॉर्म पीएएस-4, आणि अशी माणसं वर्षाला 200 च्या वर नकोत. जाहिरात करायचीच नाही, मग ग्रुपवर फिरवणं कशात बसतं? कॅश तर साफ मना आहे. 60 दिवसांत अलॉटमेंट, म्हणजे डिबेंचर नावावर देणं, नाही झाली तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत, नाहीतर 12 टक्के व्याज. सहारा ग्रुपच्या कंपन्यांनी पण लाखो लोकांकडून घेतलेल्या पैशाला प्रायव्हेटच म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये 15 टक्के व्याजाने परत करायला लावले. आणि डिबेंचरला तारण काय आहे ते विचाराच.

मालवी माणूस:
रेपोचं पण ऐका वहिनी. 2025 मध्ये तो 6.50 वरून 5.25 झाला हे खरं, पण तो रिझर्व्ह बँक बँकांना सरकारी रोखे ठेवून थोड्या दिवसांसाठी पैसे देते त्याचा दर आहे, या कंपनीला तिथून एक रुपया मिळत नाही. उलट ऑक्टोबर 2019 पासून छोट्या उद्योगांची नवीन फ्लोटिंग, म्हणजे व्याज खालीवर होणारी, लोनं बँकेबाहेरच्या एखाद्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच जोडलेली आहेत, म्हणजे लोन पण स्वस्त झालं असणार, मग कंपनी बँक सोडून आपल्या काकांकडे 12 टक्क्यांनी का येतेय? एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या, साइटवर कंपनीचं नाव टाका, तिच्यावर कोणाचं कर्ज आहे ते फुकट दिसतं. काकांना पोस्टातली सिनियर सिटिझन स्कीम दाखवा, 30 लाखांपर्यंत ठेवता येतात.

रामबागची सून:
खूप खूप आभार. एजंटकडे पीएएस-4 मागितला तर म्हणाला पैसे भरल्यावर मिळेल. बाबांनी स्वतः स्पीकरवर ऐकलं, चेक फाडला.

सीएस जोशी:
ग्रुपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा ताई. आपली आरओसी, म्हणजे कंपन्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी ऑफिस, ग्वाल्हेरला आहे, तिकडे कम्प्लेंट करा, रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर पण टाका, ग्रुपमध्ये अजून कितीजणांनी भरलेत कोणास ठाऊक.