कॅनल द्यु मिदीवर स्वतः बोट चालवायची आहे, मार्ग कसा आखावा?

मांजराकाठ (लातूर):
नमस्कार मंडळी. आम्ही दोन जोडपी, सगळे पन्नाशीपुढचे. सप्टेंबरात आठवडाभर फ्रान्समध्ये या कालव्यावर केबिनची मोटरबोट भाड्यानं घेऊन स्वतः चालवायचा बेत आहे. लायसन कुणाकडेच नाही. तुलूझपासून समुद्रापर्यंतचे २४० किमी आठवड्यात होतील का? सेतचं बंदर बघायचंच आहे. लॉकची (बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्हीकडे दरवाजे असलेल्या पाण्याच्या कप्प्यांची) धास्ती वाटते. शिवाय सगळे शाकाहारी. (२०१६ला ज्या गावाला रेल्वेनं पाणी आलं तिथली माणसं बोट चालवणार, हसून घ्या.)

गोदातीर (नांदेड):
हसू नंतर, आधी हिशेब. वेगमर्यादा ताशी ८ किमी, प्रत्यक्षात ६-७ पडतात. वाटेत साठाहून जास्त लॉक. दुपारी १२:३० ते १:३० ते बंद असतात आणि भाड्याची बोट अंधारात चालवता येत नाही. तेव्हा २४० किमी विसरा.

लायसनची काळजी नको. बोट देणारी कंपनी शिकवून तात्पुरतं कार्ड देते. ते शिकवणं उरकू देऊ नका. रिव्हर्स घेणं आणि काठाला लावणं स्वतःच्या हातानं करूनच निघा.

माझं मत: ओम्प्स या गावाहून पूर्वेला निघा. सुरुवातीला ओन्यों, पेशलोरिए आणि आर्झांस हे तीन लॉक. पहिले दोन जोड-लॉक आहेत, म्हणजे एकूण पाच कप्पे. त्यानंतर फोंसेरानच्या पायऱ्यांसारख्या लॉकच्या रांगेपर्यंत जवळजवळ ५४ किमी एकही लॉक नाही. ल सोमाय, कापेस्तांग, मग १६७९चा मालपास बोगदा, पुढे कोलोंबिए. तिथूनच मागे फिरा. कापेस्तांगचा पूल बुटका आणि कमानीचा आहे. वरची छत्री पाडा, सगळे खाली बसा आणि बोट बरोबर मधोमध काढा, कडेला छत घासतं.

सेतसाठी बोट नेऊ नका. फोंसेरानला चढत्या-उतरत्या बोटींच्या वेळा ठरलेल्या असतात, अर्धा दिवस तिथंच जातो. पुढं थाव सरोवर, आणि वारा जोरात असला की भाड्याच्या बोटीला तिथं सोडत नाहीत. बोट कोलोंबिएला बांधा, टॅक्सीनं बेझिए गाठा, तिथून रेल्वे आग्दवरून सेतला जाते. आग्द आणि सेत, दोन्ही बंदरं एका दिवसात होतात.

सुकाणू (छत्रपती संभाजीनगर):
लॉकचं सांगतो, कारण बोटीचं नुकसान बहुतेक तिथंच होतं.

उतरताना दोन दोर, पुढचा आणि मागचा. काठावरच्या खुंट्याला नुसता वेढा देऊन दुसरं टोक हातात धरायचं आणि पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचं. गाठ मारली की पाणी खाली जातं नि बोट लटकते. हाताला दोर कधीच गुंडाळू नका. मागच्या दरवाजाशी पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. बोट मागं सरकली तर सुकाणू आणि पंखा त्यावर बसतो, म्हणून पुढंच ठेवा.

चढताना उलट. एकाला लॉकच्या आधीच धक्क्यावर उतरवा, तो चालत वर जाऊन दोर झेलेल. पाणी पुढून जोरात येतं, म्हणून पुढचा दोर ताठ हवा. इथले लॉक लंबगोल असल्यानं भिंतीला बोट पुढच्या आणि मागच्या टोकांशीच टेकते. फेंडर (बोटीच्या कडेला लटकवलेल्या धक्का झेलणाऱ्या उश्या) तिथं आणा. हात-पाय मध्ये घालून बोट अडवायची नाही, ती काही टन वजनाची असते.

आणि हो, न्यूट्रलमध्ये सुकाणू जवळजवळ लागत नाही. वळायचं तर थोडा गिअर हवाच. चाक फिरवल्यावर बोट उशिरा वळते; नवखा माणूस तेवढ्यात आणखी फिरवतो आणि मग बोट झिगझॅग जाते.

मांजराकाठ:
सुकाणूदादा, इंजिनचं रोज काय बघायचं?

सुकाणू:
ऑइल, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा गाळणा. चिनाराची पानं त्यात अडकतात. एक्झॉस्टमधून पाणी येईनासं झालं की लगेच इंजिन बंद. पाण्याचा कॉक बंद करून गाळणा धुवा नि कॉक परत उघडा. शेवटचंच लोक विसरतात. शाफ्टला ग्रीसचा डबा असेल तर संध्याकाळी हाताला जड लागेपर्यंत फिरवायचा.

बोरीकाठची (धाराशिव):
ताईंना सांगा, स्वयंपाक गॅसवर होतो, कुकर चालतो. मिक्सर आणि इंडक्शन नाही, वीज १२ व्होल्टची. बंदरात काठाची जोडणी मिळाली तरच २३०. शेंगदाण्याची चटणी घरूनच करून न्या. तूप, पेढे, पनीर मात्र नाही! दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. संडासात पंप असतो, कागदाव्यतिरिक्त काही टाकलं की तुंबतो. लोटा सोबत ठेवा.

शेंगेन व्हिसा प्रवासाच्या ६ महिने आधीपासून मागता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस. विमा किमान ३०,००० युरोचा. मुक्कामाचा पुरावा म्हणून बोटीचा करार जोडा, पण आधीच्या-नंतरच्या रात्रींचं हॉटेलही दाखवा.