ज्येष्ठांच्या आरोग्य शिबिरात एचआयव्ही तपासणी हवी की नको?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

नाशिकमधल्या आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं दिवाळीनंतर आरोग्य शिबिर आहे. यादी नेहमीचीच. शुगर, बीपी, ईसीजी, डोळे, पुरुषांसाठी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्तचाचणी. परवाच्या बैठकीत मी म्हटलं, ज्याला हवी असेल त्याच्यासाठी एचआयव्हीचीही तपासणी ठेवू. आधी सगळे गप्प. मग एक जण म्हणाले, "या वयात आमची अब्रू काढता का?" चहा आला आणि विषय तिथेच बारगळला.

मला तो बारगळू द्यायचा नाही, म्हणून इथे मांडतोय.

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुरुषाला या आजाराच्या बोलण्यातून आपण परस्पर वगळून टाकलंय. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी होते, टीबीच्या रुग्णाची होते. कॉलेजांत एचआयव्हीबद्दल जागृती करणारे रेड रिबन क्लब आहेत, ट्रकचालकांसाठी वेगळे प्रकल्प आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पुरुषांना प्रश्न विचारतात ते ५४ वर्षांपर्यंतच. पेपरात येतं ते देशातलं सुमारे ०.२ टक्क्यांचं प्रमाण १५ ते ४९ वयोगटाचं असतं. पुढच्या माणसाचं काय?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून, नोटांच्या प्रेसमधून, एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं मी रोज गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर बघतो. पेन्शन वेळेवर येते, तब्येत ठणठणीत. मुलं पुण्याला किंवा परदेशात, बायको नातवंडं सांभाळायला सहा-सहा महिने तिकडे. कुणाची बायको कायमचीच गेलेली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही ती सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राची गोळी मेडिकलमध्ये मागितली की मिळते. निरोध मात्र कुणी मागत नाही. आमच्या पिढीला तो पाळणा लांबवण्यासाठीच शिकवला. १९६८ साली तो बाजारात आणला तोही कुटुंबनियोजनासाठीच. बायकोचं ऑपरेशन झालं, पाळी गेली, मग निरोध कशाला, हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला आहे. बाहेरच्या संबंधांतही तोच हिशेब चालतो आणि घात होतो.

कॉलेज रोडचे सर

माझा विरोध आहे आणि तो अब्रूपायी नाही. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. ज्या गटात आजार फार विरळ आहे, त्या गटात सरसकट चाचणी केली की पॉझिटिव्ह आलेल्यांत खोटे पॉझिटिव्ह बरेच निघतात, चाचणी कितीही चांगली असो. सभागृहात, ओळखीच्या पन्नास माणसांत, एखाद्या सत्तर वर्षांच्या गृहस्थाला "तुम्ही जरा थांबा, पुन्हा रक्त घ्यायचंय" म्हटलं तर काय होईल? दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी कुजबुज थांबणार नाही.

शिवाय शिबिराचा पैसा मर्यादित असतो. ऐकू न येणं, मोतीबिंदू, पडून खुब्याचं हाड मोडणं, यांनी आमची माणसं रोज हैराण आहेत. आधी ते बघा.

जुना समुपदेशक

मी अनेक वर्षं आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात काम केलं. सरांचं गणित बरोबर आहे. म्हणूनच एका चाचणीवर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह, म्हणजे संशयास्पद आली तर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन करतात, तिन्ही जुळल्या तरच निदान. आधी समुपदेशन, नंतर समुपदेशन, सगळं मोफत.

पण सर, उशिराच्या निदानाची किंमत तुमच्या गणितात कुठे धरली? एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर आमच्याकडे आले ते शेवटच्या टप्प्यावर. वजन वर्षभर उतरत होतं, घरच्यांनी ते शुगरवर ढकललं. कमरेला नागीण उठली, ती बरी झाली आणि पुन्हा उठली. "वय झालं, उष्णता." तोंडात पांढरा थर धरला, त्याचा दोष कवळीला. ही तिन्ही लक्षणं तिशीच्या माणसात एकत्र दिसली असती तर डॉक्टरने पहिल्याच आठवड्यात रक्त तपासायला लावलं असतं. इथे "काका, तुमचे बाहेर संबंध आहेत का?" हे विचारायला डॉक्टरलाच संकोच. वयाबरोबर प्रतिकारशक्ती तशीही उतरते, त्यामुळे या वयात उशीर जास्त महागात पडतो.

पंचवटीकर

लोक मला जुनाट म्हणतील, म्हणोत. मला वाटतं मूळ दुखणं एकटेपणाचं आहे आणि तुम्ही सुई घेऊन निघालात. बायको गेल्यावर घरात दिवसभर कुणी बोलायला नाही, असा माणूस वाकड्या वाटेला लागला तर त्याला आधी सोबत द्या. विधुर-विधवांच्या विवाहाला घरच्यांनी आडकाठी करू नये. मुलांनी आठवड्यातून एकदा फोन करावा. तपासणीचा फलक लावलात की सुना आणि जावई सासऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. ज्यांनी आयुष्य सरळ काढलं त्यांच्यावरही शिंतोडे उडतील.

आडगाव नाका

माझा ट्रान्सपोर्टचा धंदा. इतकी वर्षं या आजाराचं खापर आमच्या ड्रायव्हर लोकांवर फुटलं. त्यांना निरोध वाटले, पथनाट्यं दाखवली, रक्त तपासलं. त्यामुळे माझ्या ड्रायव्हरला आज यातलं जितकं कळतं तितकं बंगल्यातल्या साहेबाला कळत नाही. पंचवटीकर, शिंतोडे आमच्यावर उडत होते तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही.

नाशिकरोडची

सगळी चर्चा पुरुषांच्या अब्रूवर चाललीय. त्या पुरुषाची बायको कुठे आहे?

माझ्या नात्यातल्या एका मावशींना साठीनंतर कळलं. त्या देवळाव्यतिरिक्त घराबाहेर पडत नसत. त्यांच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं निदान झालं तेव्हाच त्यांचंही रक्त तपासलं. पाळी गेल्यावर बाईचा आतला भाग कोरडा आणि पातळ होतो, संबंधात सहज ओरखडे पडतात, त्यामुळे लागण व्हायचा धोका वाढतो. हे कुठल्या शिबिरात सांगतात? बाई गरोदर असेपर्यंत तिची तपासणी, नंतर तिचा विषय संपला.

म्हणून गोदाकाठचे काका, नुसत्या पुरुषांसाठी ठेवणार असाल तर माझाही विरोध. दोघांसाठी ठेवा. आणि पंचवटीकर काका, एकटेपणाचं तुमचं खरं आहे, पण आमच्या काकांच्या घरी बायको होती, जेवण वाढलेलं ताट होतं, मुलांचे फोनही येत होते.

नाव नको

मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. वय ६१, विवाहित. माझे संबंध पुरुषांशी होते, हे इथे पहिल्यांदा लिहितोय. आमच्यासारखे संसारी लोक कुठल्याच प्रकल्पाच्या हाती लागत नाहीत.

मला कळलं ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, एका खासगी दवाखान्यात. रक्त कशाकशासाठी घेतलं ते सांगितलं नाही. रिपोर्ट मुलाच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि रिक्षात माझ्याशी एक अवाक्षर बोलला नाही. बायकोची तपासणी निगेटिव्ह आली, तेवढं देवाने राखलं. आज रोज एक गोळी घेतो, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चाचणीत सापडत नाही. घरात माझा टॉवेल आणि साबण अजून वेगळा आहे.

मी शिबिरात तपासणीच्या विरोधात आहे. सर जे म्हणाले ते बरोबर. तिथे गुप्तता राहणार नाही.

जुना समुपदेशक

दादा, तुमच्याबाबतीत घडलं ते कायद्याविरुद्ध होतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय तपासणी करायची नाही आणि रिपोर्ट घरच्यांना परस्पर द्यायचा नाही. ऑपरेशन आहे म्हणून या अटी गळून पडत नाहीत.

टॉवेल-साबणाचं घरी कुणाला तरी समजावून सांगायला हवं. एचआयव्ही त्यातून पसरत नाही, ताटातूनही नाही. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. मुलाला घेऊन एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे या, तिथला समुपदेशक बोलेल. ही औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहेत आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच सुरू करतात.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर एआरटीच्या डॉक्टरांना नक्की सांगा, कारण आताच्या गोळीतल्या डोल्युटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, डोस बघावा लागतो. आणि छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवणाऱ्यांनी ती 'ताकदीची' गोळी मित्राकडून घेऊन खाऊ नये. बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

विचारू का

मागच्या महिन्यात एकदा चूक झाली. निरोध नव्हता. वय ५८. आता तपासणी करून उपयोग आहे का? बायको पुढच्या आठवड्यात परत येतेय.

जुना समुपदेशक

आहे. उद्याच त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला जा, आयसीटीसी विचारा. आता निगेटिव्ह आली तरी तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करा, कारण सुरुवातीच्या काळात लागण असूनही चाचणीत दिसत नाही. तोवर बायकोशी संबंध आला तर निरोध वापराच. गुप्तरोगांचीही तपासणी करून घ्या. असं काही घडल्यावर ७२ तासांच्या आत पोहोचलं तर २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं देता येतात, तुमची ती वेळ गेली. जायला पाय उचलत नसेल तर आधी १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, मोफत आहे.

गोदाकाठचा

'नाव नको' यांचं वाचल्यावर ठराव बदलून मांडतो. सभागृहात रक्त घ्यायचं नाही. शिबिरात अर्ध्या तासाचं बोलणं, स्त्री-पुरुष दोघांसाठी, आणि प्रत्येकाच्या हातात सिव्हिलच्या केंद्राची माहिती व १०९७ छापलेला कागद. ज्याला जायचं तो एकटा जाईल, आपल्याकडे त्याची नोंद नाही.

कॉलेज रोडचे सर

बोलण्याला माझी हरकत नाही, कागदालाही नाही. पण त्या अर्ध्या तासासाठी कानांची तपासणी कापणार असाल तर बैठकीत विरोधात हात वर करेन. आणि वक्ता डॉक्टर किंवा समुपदेशक हवा, प्रवचनकार नको.

पंचवटीकर

मी बैठकीला येईन आणि माझं मत तेच मांडेन. विधुर विवाहाचा विषयही त्याच दिवशी घ्या.

गोदाकाठचा

घेऊ. दोन्ही विषय विषयपत्रिकेवर लिहून देतो. कानांची तपासणी राहील सर, चहापानाचा वेळ कमी करू.