मार्बल कटरने भिंतीत झिरी मारायची आहे, पण गार्डच नाही

हुडकेश्वरकर
मागच्या खोलीत कूलरचा पॉइंट काढायचाय. बोर्डापासून खिडकीपर्यंत वायरच्या पाइपसाठी साडेसात फूट झिरी. एवढ्याशा कामाला मिस्त्री येईना, म्हणून साळ्याने त्याचा चार इंची मार्बल कटर आणून दिला. गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, त्याने काढून ठेवलंय, "त्यानं लाइन दिसत नाही" म्हणे. मी बँकेतला माणूस, ड्रिल मशीनच्या पुढे कधी गेलो नाही. काल अंगणात एका सुट्या विटेवर चालवून पाहिला. असा हिसका बसला की वीट थेट तुळशी वृंदावनावर जाऊन आदळली. तेव्हापासून आई कटरच्या खोलीत पाऊल ठेवत नाही. गार्डशिवाय चालेल का? पाणी सोडून कापू की कोरडं? आणि धुळीसाठी उन्हाचाच दुपट्टा बांधला तर?

लाइनमन_काका
भाऊ, पयले गार्ड शोधा, मंग बाकीचं. ११० मिमीचं ब्लेड मिनिटाला बारा हजार फेरे घेते, म्हणजे त्याची कड ताशी अडीचशे किलोमीटरनं पळते. सेगमेंट, म्हणजे ब्लेडच्या कडेचा कापणारा तुकडा, उडाला तर तुमच्याच तोंडाकडे येईन.

वीट काहून उडाली? सुटी होती, हलली, ब्लेड चिमटलं. भिंत हलणार नाही, मंग मशीनच तुमच्या अंगावर येईन. म्हणून झिरीत मशीन तिरपं करू नोका. दोन्ही हातांनी धरा, ब्लेडच्या रेषेतून जरा बाजूला उभे राहा, पूर्ण स्पीड आल्यावरच भिंतीला लावा. पयल्या फेरीत आठ-दहा मिमीच कापा, मंग खोल. पाइपच्या रुंदीएवढं अंतर ठेवून दोन रेषा मारा, मधला माल छन्नीनं काढा. ब्लेड विटेचं, सेगमेंटवालं घ्या. लाकडाचं दातेवालं कधीच लावू नोका.

आडवी झिरी मात्र मारू नोका, चार इंची भिंत असन तर मुळीच नाही. बोर्डाच्या सरळ वर-खाली जुनी वायर बहुतेक असतेच. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला स्विच, पाडा आन् मशीनले लाइन दुसऱ्या खोलीतून घ्या.

आणखी एक. स्विच दाबलेलाच ठेवणारं ते बाजूचं लॉकचं बटण वापरू नोका. एकदा मनीषनगरच्या साइटवर काम चालू असताना लाइन गेली. मी लॉक तसंच ठेवून मशीन स्लॅबवर टेकवलं, चहाले गेलो. लाइन आली तं मशीन आपोआप सुरू! स्वतःचीच केबल कापली त्यानं. केबलच्या जागी माझा पाय असता. तवापासून लाइन गेली की पयले प्लग काढतो. ब्लेड बदलतानाही प्लग बाहेर पायजे. पाना मी प्लगलेच बांधून ठेवतो, म्हणजे विसरायचं कामच नाही.

कडप्पावाली
काकांना पाण्याचं राहिलं. भिंतीत झिरी मारताना पाणी सोडू नका, ते जुन्या वायरिंगपर्यंत जातं. फरशी किंवा कोटा दगड कापताना पाणी हवं, पण लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, असेल तरच.

दुपट्ट्याचं ऐका. माझे बाबा दगड कापायचे आणि तोंडाला तोच पांढरा दुपट्टा. विटेतली, सिमेंटच्या गिलाव्यातली सिलिका इतकी बारीक असते की सुती कापडातून आरपार जाते आणि फुप्फुसात बसते. तिथून ती निघत नाही. एन-९५ आणा, नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी असेल तर तो नीट बसणार नाही. दुपट्ट्याचं लोंबतं टोक ब्लेडमध्ये गेलं तर मानेसकट ओढेल, म्हणून तो बांधूच नका. चष्मा उन्हाचा नको, बाजूने बंद असलेला हवा.

आणि कापताना घरातला कूलर बंद! नाहीतर धूळ सगळ्या खोल्यांत फिरेल. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

संत्रागल्ली
एवढं सगळं करण्यापेक्षा भिंतीवरून केसिंग पट्टी, ती वायर झाकायची प्लास्टिकची, लावा ना बाप्पा. कूलर काय, चार महिने चालणार.

हुडकेश्वरकर
गार्ड मिळालं! साळ्याच्या पोरानं त्यात गोट्या ठेवल्या होत्या. आडव्या भागाला केसिंग पट्टीच लावतो. फक्त बोर्डापासून वर, जुनी वायर टाळून, अडीच फूट उभी झिरी मारीन, रविवारी सकाळी. आई त्या वेळी मावशीकडे जाणार आहे, हे तिनेच ठरवलंय.