दुबईहून आणलेला राउटर कारखान्यात लावला तर चालतंय का?

अक्कलकोट_रोडवाला:
मेव्हण्यानं येताना चार अँटेनावाला राउटर आणलाय. आमचं घर पुढं आणि मागच्या अंगाला टॉवेलचा कारखाना, तिथं कॅमेरे लावायचेत म्हणून वायफाय पायजे. खोक्यावर एफसीसी, सीई छापलंय पण आपल्याकडचा कुठलाच शिक्का दिसत नाही. नेटवाला पोरगा म्हणतो हा इथं बेकायदेशीर आहे, मी देतो तो घ्या. पिनसुद्धा जाड चौकोनी तीन आहेत, कन्व्हर्टर लावून चालवतोय, तो जरा हलला की नेट जातंय आणि हाताला गरम लागतोय. अँटेना काढून मोठे बसवले तर रेंज वाढेल का? आणि आई म्हणते राउटर झोपायच्या खोलीत नको, किरणं असतात.

नवी_पेठ_रिपेअर:
भाऊ आधी तो कन्व्हर्टर काढा आणि आपल्या पिनचा नवा अडॅप्टर घ्या, बाकीचं नंतर. शिक्क्यापेक्षा मोठा धोका तिथंच आहे, सैल पिन म्हणजे आत ठिणगी आणि तुमच्याकडं तर हवेत कापसाचं तूस उडतंय. व्होल्टेजचं टेन्शन नाही, तिकडंही २३० च असतंय. राउटरच्या बुडाला बघा, १२ व्होल्ट १ अँपिअर असं कायतरी लिहिलेलं असेल. व्होल्ट तेवढेच पायजेत, अँपिअर जास्त चालतात, कमी असले की अडॅप्टर तापतो. जुन्या सेटटॉप बॉक्सचा पिन बसतोय म्हणून घुसवू नका, प्लस मायनस उलटं असलं तर बोर्ड जातो. घेताना अडॅप्टरवर बीआयएसचा म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि ‘आर’ नं सुरू होणारा नंबर बघा, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव वेगळंच आलं तर दुकानदाराला परत द्या, लाजू नका.

जुळे_सोलापूर_८:
एफसीसी अमेरिकेचं, सीई युरोपचं, आपल्याकडं त्याचा उपयोग नाही. आपल्याकडं वायरलेस वस्तूला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार खात्यातल्या वायरलेस शाखेची, ईटीए नावाची मंजुरी लागते. विकायला माल आणणाऱ्यांची ती मोठी डोकेदुखी. तुमच्या हातात काय आहे तर सेटिंगमध्ये देश ‘भारत’ करा, तेवढं विसरू नका. काही लोक मुद्दाम दुसरा देश टाकतात पॉवर वाढते म्हणून, ते करू नका. २.४ गिगाहर्ट्झला लायसन लागत नाही ते मर्यादेत राहिलात तरच, २००५ च्या नियमात मशीनमधून १ वॉट आणि अँटेनासकट ४ वॉट. मोठे अँटेना लावले की हा दुसरा आकडा कधी ओलांडला ते कळतपण नाही. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ ला मोकळे झाले. त्यातल्या काही चॅनलवर हवामानाची रडारं चालतात, ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे चॅनल १२० ते १२८. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ढगांच्या अभ्यासासाठी असलं रडार आपल्या सोलापुरातच लावलं होतं की. रडार ऐकू आलं की राउटर आपोआप चॅनल सोडतो, मग लोक नेटवाल्याला शिव्या घालत बसतात. कॅमेऱ्याला ३६ ते ४८ मधलं चॅनल द्या, नाहीतर सरळ २.४.

अक्कलकोट_रोडवाला:
मग शेडपर्यंत रेंज कशी न्यायची? आणि आईला काय सांगू?

जुळे_सोलापूर_८:
लॅन केबल टाका आणि तिथं छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायनं देणारा बॉक्स. लोखंडी माग आणि पत्र्याच्या शेडपुढं वायफाय काय टिकणार. आईचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये साधारण २० सेंटीमीटर अंतर ठेवा असं लिहिलेलं असतं, वीतभर धरा. भिंतीवर वर लावला की तो विषय संपला, उशाशी ठेवू नका म्हणजे झालं.

नवी_पेठ_रिपेअर:
केबल उघड्यावरून टाकू नका ओ, वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट जातात. दोन इमारतींमधून फायबरच बरं, त्यातून करंट येत नाही. शेडमधला बॉक्स मागांपासून लांब, पण पत्र्याला चिकटवून नको, एप्रिल-मेमध्ये तिथं हात लावता येत नाही. आठवड्याला प्लग काढून जाळीतलं तूस ब्रशनं झाडा. सगळं झाकायला पिशवी गुंडाळणारे बघितलेत मी, धूळ थांबते आणि राउटर भाजतो. आणि राउटरचा मूळचा ॲडमिन-ॲडमिन पासवर्ड बदला ना, कॅमेरे त्यावरच येणार आहेत.