'जंक डीएनए'ला मराठीत काय म्हणावं?

मुळाक्षर : जीनोमच्या, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएच्या, उत्क्रांतीवर मराठीत लिहितोय आणि 'जंक डीएनए'पाशी, म्हणजे ज्याचं काही काम दिसत नाही अशा डीएनएपाशी, अडलोय. 'कचरा' सगळीकडे दिसतो. मला स्वतःला 'भाकड डीएनए' आवडतोय. चालेल?

प्रयोगवही : दोन्ही नकोत. 'अडगळ' घ्या. जनुकशास्त्रज्ञ सुसुमू ओनो यांनी १९७२ साली 'जंक डीएनए' हा शब्द रुजवला. पुढे जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी फरक सांगितला, की कचरा आपण टाकून देतो, जंक घरातच ठेवतो. इंग्रजीत हे समजावून सांगावं लागलं. आपल्याकडे माळा असलेल्या घरात वाढलेल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही.

आमच्या गटात रोजचं काम म्हणजे वेगवेगळ्या प्राण्यांचे जीनोम शेजारी ठेवून जुळवणं. त्याआधी रिपीटमास्कर नावाचा संगणक-प्रोग्राम चालवतो. परतपरत येणारे तुकडे तो इंग्रजी लहान अक्षरांत करून देतो, म्हणजे माळा कुठून कुठपर्यंत ते कळतं. माणसात जवळजवळ निम्मा जीनोम असा निघतो. प्रथिनं बनवणारा भाग जेमतेम दीड टक्का!

शंकेखोर : पण मानवी जीनोमचा कुठला भाग काय काम करतो ते शोधणाऱ्या एनकोड प्रकल्पाने २०१२ साली ८० टक्के जीनोम कामाचा असल्याचं जाहीर केलं होतं ना? मग अडगळ तरी कसली?

प्रयोगवही : त्यांनी कुठलीही जैवरासायनिक हालचाल 'काम' म्हणून मोजली. माळ्यावर उंदीर खुडबुडला म्हणजे माळा वापरात आहे, असं नव्हे. कांद्याचा जीनोम डीएनएच्या १६ अब्ज अक्षरांचा, आपला ३ अब्जांचा. सगळंच कामाचं धरलं, तर कांद्याला आपल्या पाचपट सामान कशाला लागतं?

अडगळीतून कधी वस्तू खाली येतेही. एका जुन्या विषाणूचं जनुक आपल्या पूर्वजांच्या जीनोममध्ये अडकून पडलं होतं, ते आज सिन्सिटिन हे प्रथिन बनवतं. गर्भाची वार तयार होण्यात त्याचा हात असतो. 'कचरा' म्हटलं की ही वाटच बंद होते.

'भाकड' मात्र वाया घालवू नका. सूडोजीनसाठी, म्हणजे निकामी झालेल्या जनुकासाठी, ठेवा. क जीवनसत्त्व बनवायला लागणारं आपलं जनुक एकेकाळी दुभतं होतं, आता भाकड. (गाय पुन्हा विते, हे जनुक नाही. तेवढी सूट घ्यायची.)

मुळाक्षर : पटलं. मग 'अडगळीतला डीएनए' लिहू?

शंकेखोर : त्याने डीएनए वेगळा आणि अडगळ वेगळी वाटते. इथे डीएनएच अडगळ आहे. सरळ 'अडगळ डीएनए' लिहा.