प्रुडंट म्हणजे शहाणा, की पुरुमेंत भरणारा?

डिचोलीकर : आमच्या देवस्थानला हिशेबतपासनिसांचं इंग्रजी पत्र आलं. अग्रशाळेचं, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेचं, छप्पर उतरवण्याआधी वर्षभराच्या खर्चाइतके पैसे बाजूला ठेवणं 'प्रुडंट' ठरेल, असा मजकूर. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, सभेत ते मराठीत वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी 'शहाणपणाचं ठरेल' असं वाचलं आणि सत्तरी ओलांडलेले एक काका उठलेच : "म्हणजे आजवर आम्ही वेडेपणा केला?" विषय पुढच्या रविवारवर गेला.

काकांचा राग मला पटला. शहाणपण म्हटलं की माणसाची अक्कल मोजली जाते, प्रुडंट मात्र कृतीकडे बघतो. लॅटिनमधला 'प्रुडेन्स' हा 'प्रोव्हिडेन्स'चाच आखडलेला शब्द : 'प्रो' म्हणजे पुढचं, 'व्हिदेरे' म्हणजे पाहणं. त्याचा चुलतभाऊ तर आपल्या घरातच आहे. पुरुमेंत, म्हणजे आम्हा गोंयकारांची पावसाळ्याची बेगमी! पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आलेला, मूळ तेच. मे महिन्यात आई सुकी सुंगटं, सोलं, मिरच्या, कांद्यांच्या माळा, मीठ सगळं भरून ठेवायची. जून-जुलैत ट्रॉलर बंद, पावसात बाजाराचा भरवसा नाही. तिला कुणी हुशार म्हटलं नाही आणि भित्रीही म्हटलं नाही. पाऊस येणार हे दिसत होतं, म्हणून तिचे हात आधी चालले. माझ्या मते प्रुडंट म्हणजे नेमकं हेच.

वकील, म्हापसा : पुरुमेंताची आठवण गोड आहे, पण मुळावरून अर्थ ठरत नाही. 'शिक्षा' म्हणजे मुळात शिकवण, मराठीत तिचा दंड झाला. वापर बघा. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १५१ : दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने, साधारण प्रुडन्सचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी. तिथे दूरदृष्टीची अपेक्षा नाही, चारचौघांइतकी काळजी पुरते. तुम्ही साध्या शब्दाला फार उंच बसवताय. 'खबरदारी म्हणून' लिहा आणि मोकळे व्हा.

शिक्षिका, काणकोण : वकीलबाब, खबरदारी मला तोकडी वाटते. वादळाचा इशारा आला म्हणून होडी नांगरून ठेवली, ही खबरदारी. त्याच दिवसांत जाळी दुरुस्त केली, इंजीन उघडून बघितलं, तर ते प्रुडंट. तीन माशांच्या गोष्टीतला अनागतविधाता आठवा : धीवर यायच्या आधीच तो तळं सोडून गेला. घाबरून दगडाखाली लपला असता, तर सावध म्हटलं असतं.

वकील, म्हापसा : गोष्ट मान्य. पण सभेत 'अनागतविधाता' वाचून दाखवणार का?

डिचोलीकर : नाही. रात्री विचार करताना साधा शब्द सापडला : तजवीज. "छप्पर उतरवण्याआधी वर्षभराच्या खर्चाची तजवीज करावी." यात पुढचं पाहणं आलं, हात चालवणंही आलं आणि कुणाची अक्कलही निघाली नाही.

वकील, म्हापसा : तजवीज चालेल, माझी हरकत मागे. 'करावी' मात्र काढा. मूळ पत्रात सल्ला आहे, तुम्ही त्याचा हुकूम केलात. काका पुन्हा उठतील.

शिक्षिका, काणकोण : मग 'तजवीज करून ठेवलेली बरी'?

डिचोलीकर : हेच लिहून घेतलं. रविवारी हेच वाचतो.