वरचं संडास-बाथरूम हलवायचंय: ड्रेनेज आणि व्हेंट पाइपबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

साताऱ्यातलं आमचं घर १९८८ चं, तळमजला आणि वर एक मजला. सध्या वरचं काम काढलंय. संडास-बाथरूम जिन्यापाशी आहे, ते आईच्या खोलीला जोडून घ्यायचंय. नवी जागा जुन्या उभ्या पाइपापासून साडेतीन मीटर लांब, पण बाहेरची भिंत तीच, बोळाकडची.

त्याआधी जुनं दुखणं. वर फ्लश केलं की खालच्या बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज आणि मागोमाग वास. अ‍ॅसिड, फिनेल सगळं ओतून झालं. परवा जाळी काढून बॅटरी मारली आणि मुलाला वर फ्लश करायला सांगितलं. नहाणी ट्रॅपमधलं (जाळीखालच्या वाटीत साठून वास अडवणारं) पाणी डचमळलं आणि बोटभर खाली गेलं. म्हणजे पाणीच खेचलं जातंय! गच्चीवर जाऊन बघतो तर शेड टाकणाऱ्याने आड येणारा व्हेंट, म्हणजे ड्रेनेजच्या उभ्या बिडाच्या पाइपाचं हवेसाठी उघडं ठेवलेलं वरचं टोक, कापून तोंडावर सिमेंटचा गोळा थापलेला. हवा शिरायला वाटच नाही.

प्लंबर म्हणतो, "साहेब, उघडा ठेवला तर गच्चीवर वास मारेल, बंद आहे तेच बरं." नवा कमोड तो फरशीखालून ११० मिमीच्या पाइपाने जुन्या लाइनला जोडणार आहे. स्लॅब सखल नाही, म्हणजे पाइप लपवायला खोलगट जागा नाही. ४० ला १ उतार धरला तर ९ सेंमी तिथेच गेले, वर पाइपाची जाडी, कोबा, फरशी. बाथरूम पाऊण फुटाहून जास्त उचलावं लागेल. आईच्या सोयीसाठी सगळा खटाटोप आणि तिलाच पायरी चढायला लावायची?

उतार कमी करून भागेल का? बिडाचा पाइप ठेवावा की बदलावा? बेसिन आणि शॉवरचं पाणी त्याच लाइनला सोडलं तर?

---

प्रतिसाद:

उताराशी तडजोड नको, दर महिन्याला तुंबेल. पी-ट्रॅपचा कमोड घ्या. त्याचं तोंड मागे, भिंतीत जातं. तो बोळाकडच्या भिंतीलाच लावा, पाइप थेट बाहेर काढा आणि सगळा उतार बाहेरून भिंतीवर द्या. वळणावर दाराचा बेंड (साफसफाईसाठी उघडता येणारं झाकण असलेला) हवाच, नाहीतर पुढे तोडफोड आहे.

बेसिन-शॉवरला ७५ मिमीची वेगळी लाइन, ती खाली गली ट्रॅपमध्ये (घराबाहेर जमिनीत बसवलेला, पाणी धरून वास अडवणारा ट्रॅप). शॉवरची जाळी बाहेरच्या भिंतीलगत ठेवा, म्हणजे आडवा पाइप हातभरच राहील.

बीड एवढं जुनं असेल तर काम चालू असतानाच बदला. मैल्याच्या लाइनला 'टाइप बी'चाच एसडब्ल्यूआर (ड्रेनेजचा पीव्हीसी) पाइप आणा. 'टाइप ए' पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला. स्वस्त पडतो म्हणून तोच माथी मारतात, पाइपावरचा छापा वाचून घ्या.

व्हेंट शेडच्या पत्र्यातून वर काढा, खिडक्यांपासून लांब, आणि टोकाला काऊल (हवा जाऊ देणारी जाळीदार टोपी) बसवा. वास वरच्या वर उडून जातो. तो बंद ठेवला म्हणूनच तर घरात येतोय.

एक शंका: खालची नहाणी थेट संडासच्या पाइपाला जोडलेली दिसते. तसं असेल तर तीही गली ट्रॅपला न्यावी लागेल. बाहेरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण उघडून वरून एक फोटो टाका, किती पाइप कुठून येतात ते कळेल.